चार घरं पुढे, दोन घरं आडवी

प्रिय ताई,

मागच्या पत्रात तू विचारलंस, बाबा रे, आता तू नेमकं करतोस तरी काय. ताई, मी मेलेल्या गाड्या उचलतो. रस्त्यात दोन गाड्या धडकल्या की आमच्या यार्डात फोन येतो. मी क्रेनची गाडी घेऊन जातो, चेपलेल्या गाडीला साखळी लावतो आणि ओढून आणतो. भावोजी गेल्यापासून ही माझी तिसरी नोकरी. पहिल्या ठिकाणी मुकादमाशी वाजलं, दुसऱ्या ठिकाणी काही न वाजताच मी निघालो. आई असती तर म्हणाली असती, याच्या पायाला भिंगरी लावूनच पाठवलाय. इथे मात्र सात महिने झाले. खोली यार्डाच्या ऑफिसवरच आहे, जिना लोखंडी, चढताना सगळ्यांना कळतं कोण आलं. खिडकीतून खाली गाड्यांच्या रांगा दिसतात. त्यातल्या एका निळ्या गाडीत मागच्या सीटवर लहान मुलाचा एक बूट पडलाय. मालक म्हणतात राहू दे, कुणीतरी न्यायला येईल. मी आल्यापासून कुणी आलेलं नाही.

तुझं पत्र मी खिशात घालून फिरतो. तुला गोदामात पॅकिंगला घेतलं हे वाचून आधी बरं वाटलं, मग पुढचं वाचलं. आपल्या गोदामातल्या त्या वळणाला, जिथे भावोजी गेले, तिथे आता लोक ‘सुसाट चौक’ म्हणतात हे तू लिहिलंस. नवीन माणूस कामावर आला की फोरमन त्याला तिथे उभा करून सांगतो, इथे एक ड्रायव्हर सुसाट आला होता, जिवानिशी गेला, तुम्ही तसं करू नका. तू डबा खायला जाताना त्या चौकातून जात नाहीस, चार रांगा फिरून मागून जातेस. आणि टिल्लूचं लिहिलंस. आठ वर्षांचं पोर शाळेच्या मैदानात धावत नाही. सरांनी शिट्टी वाजवली तरी चालतच जातं, आणि विचारलं तर म्हणतं, माझे बाबा घाई करून मेले. तू लिहिलंस, एका परीने बरंच आहे, निदान हा तरी जपून राहील. ताई, ती एक ओळ वाचून मी दोन दिवस कामावर गेलो नाही. तापाचं कारण सांगितलं.

भावोजी आणि घाई! तुला आठवतं ना, तुझ्या लग्नात ते इतके सावकाश जेवत होते की पुढची पंगत त्यांच्यासाठी उभी राहिली होती. गोदामात सगळे त्यांना कासव म्हणायचे. ते नाव मीच पाडलं होतं. मला त्या कामावर लावलं त्यांनी, पेट्या उचलायचं फोर्कलिफ्ट मशीन चालवायला शिकवलं त्यांनी, आणि मी चार पोरांत बसून त्यांच्या चालवण्याची नक्कल करायचो. मान बाहेर काढून, डोळे बारीक करून, जणू अंड्यांवरून मशीन न्यायचंय. त्यांनी एकदा ती नक्कल बघितली. हसले, आणि म्हणाले, मेव्हणे, मान अजून थोडी बाहेर काढा, मला मानेचं दुखणं आहे ते दिसू द्या. दुसऱ्यांदा मात्र हसले नाहीत. मी रिकामं मशीन घेऊन त्यांच्या शेजारून सुर्रकन गेलो, तेव्हा संध्याकाळी बाकावर मला बसवून म्हणाले, मेव्हणे, मशीन आहे ते, घोडा नाही. घोड्याला समोरचं दिसतं. माझ्यासाठी नाही, तर तुमच्या बहिणीसाठी तरी दहाच्या वर जाऊ नका. गोदामात ताशी दहा किलोमीटरच्या वर जायचं नाही असा नियमच होता. मशीन मात्र अठरापर्यंत जायचं. मी हो म्हटलं.

आता इथली गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. इथे अपघाताची मोजणी करायला सरकारकडून एक बाई येतात. पन्नाशीच्या, गुडघ्यांनी अधू, हातात टेप आणि खडू, पर्समध्ये कॅल्क्युलेटर. ड्रायव्हर लोक त्यांना फूटपट्टी म्हणतात, अर्थात पाठीमागे. त्यांची मोजणी झाल्याशिवाय मला गाडी हलवता येत नाही, म्हणून मी उभा राहायचो, उभ्या उभ्या कंटाळायचो. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, अरे ए क्रेनवाल्या, नुसता जांभया देऊ नकोस, टेपचं टोक धर. त्यांना वाकता येत नाही. तेव्हापासून टेपचं टोक माझ्याकडे. मग घसरणीच्या खुणांवर खडू ओढायचं कामही माझ्याकडे आलं.

एके दिवशी चार रस्त्यांवर एक छोटी मोटार आणि एक टेम्पो धडकले होते. दोन्ही एकमेकांत रुतून तिरके घसरत फुटपाथला लागले होते. लोकांनी टेम्पोवाल्याला खाली ओढून बदडायला सुरुवात केली होती. मोठ्या गाडीचा तो चोर, हा हिशोब सगळीकडे सारखाच. मोटारवाला कपाळाला रुमाल लावून सांगत होता, मी हळू होतो हो. बाई आल्या, कुणाशीच बोलल्या नाहीत. मला टेप धरायला लावली. मोटार ज्या दिशेने येत होती त्या दिशेने किती घसरले ते मोजलं, आणि टेम्पो येत होता त्या दिशेने किती घसरले ते वेगळं मोजलं. दोन्ही सारखंच भरलं. मग मोटारीच्या बॉनेटवर खडूने लिहायला लागल्या. मी विचारलं, बाई, तिरकं एकदाच मोजायचं ना, दोनदा कशाला? त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, किती शिकलास? मी म्हटलं, सातवी, तीही ढकलत. त्या म्हणाल्या, मग ऐक.

ताई, तू दहावीपर्यंत शिकलीस, तुला हे माहीत असेल. वजन आणि वेग यांचा गुणाकार केला की त्याला संवेग म्हणतात. शाळेत हा शब्द आला असेल तर त्या दिवशी मी वर्गाबाहेर असणार. बाई म्हणाल्या, धडकेत पत्रा चेपतो, काच फुटते, माणूस मरतो, पण धडकेच्या आधीचा सगळा संवेग धडकेच्या नंतरही तेवढाच भरतो. जाईल कुठे? आणि दोन रस्त्यांचे दोन वेगळे हिशोब ठेवायचे. पुढच्या दिशेचा पुढच्यात, आडव्या दिशेचा आडव्यात. एकाचं दुसऱ्यात मिसळायचं नाही. मोटार सरळ येत होती, आडवी जरासुद्धा जात नव्हती. म्हणजे गाड्या पुढे जेवढ्या घसरल्या ते सगळं मोटारीने दिलेलं. आडव्या जेवढ्या गेल्या ते सगळं टेम्पोने दिलेलं. दोन्ही दिशांना सारख्याच घसरल्या, म्हणजे दोघांचा संवेग सारखा. आता टेम्पोचं वजन मोटारीच्या दुप्पट. मग संवेग सारखा यायला मोटारीचा वेग किती पाहिजे? मी बोटं मोजली नाहीत ताई, लगेच सांगितलं. दुप्पट. बाई म्हणाल्या, शाबास, आता त्या टेम्पोवाल्याला सोडवून आण.

मला नादच लागला. मी कधी कशाच्या मागे एवढा लागलो नव्हतो. खोलीत भिंतीवर कोळशाने बाण काढायचो. यार्डातली पोरं म्हणायची, प्रोफेसर, आज कोणाला फासावर देताय? एकाचं वजन घ्यायचं, दुसऱ्याचं घ्यायचं, दोन बाण काढायचे, घसरणीचे दोन तुकडे करायचे. कधी कधी गाड्या रुतत नाहीत, धडकून दोन दिशांना फेकल्या जातात. तेव्हा चार तुकडे होतात, पण बेरीज तीच. बाई म्हणाल्या, वयाच्या तेविसाव्या वर्षी तुला हे येतं, तर सातवीत तुझ्या मास्तरांनी काय केलं? मी म्हटलं, कान पिळला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की आपल्यालाही काहीतरी येतं.

मग तुझं ते पत्र आलं. दोन दिवस खोलीत पडून होतो ते तुला सांगितलंच. तिसऱ्या दिवशी पेटीतून कागद काढला. भावोजींच्या चौकशीचा कागद. साक्षीदार म्हणून त्याची एक प्रत मलाही दिली होती. तीन वर्षं मी ती उघडली नव्हती, पण प्रत्येक नोकरीत, प्रत्येक खोलीत बरोबर नेली होती. त्यात फोरमनने चौकटीच्या कागदावर चौकाचा नकाशा काढलाय. एक चौकट म्हणजे अर्धा मीटर. मधल्या मोठ्या रांगेतून माझं रिकामं मशीन, उजवीकडच्या रांगेतून भावोजींचं फरशांच्या पेट्यांनी भरलेलं मशीन. धडकल्यावर माझ्या मशीनचे पुढचे लोखंडी सुळे त्यांच्या मशीनमध्ये अडकले आणि दोन्ही मिळून ओल्या जमिनीवरून घसरत रॅकच्या खांबापर्यंत गेली. फोरमनने जमिनीवरचा ओरखडा अगदी नीट काढलाय. माणूस चोख आहे. ओरखड्याची लांबी लिहिलीय, सव्वादोन मीटर. आणि त्याखाली लिहिलंय, एवढी घसरण झाली त्याअर्थी भरलेलं मशीन सुसाट होतं. त्याने तिरकं एकदाच मोजलं, ताई. मी पहिल्या दिवशी बाईंना जे विचारलं होतं, तेच त्याने केलं. लांबीवरून जोर कळतो, पण तो जोर कुणाचा हे कळत नाही. ते त्याने मला विचारलं होतं.

मी तो कागद बाईंकडे नेला. माझं आणि भावोजींचं नाव असलेला भाग दुमडून आत घातला, फक्त नकाशा वर ठेवला. म्हटलं, एका ओळखीच्याचं प्रकरण आहे, रिकाम्या मशीनवाला म्हणतो भरलेलं सुसाट आलं, जरा बघता का. त्या एका धुरकट ट्रकच्या पायरीवर बसल्या होत्या, चहा पीत. कागद मांडीवर घेतला आणि मला विचारलं, वजनं सांग. मी सांगितलं, रिकामं मशीन चालकासकट चार टन, दुसरं तसंच, पण वर दोन टन फरशा, म्हणजे सहा. त्यांनी पेन्सिलीने चौकटी मोजल्या. रिकाम्या मशीनच्या दिशेने चार घरं पुढे. भरलेल्याच्या दिशेने दोन घरं आडवी. चहाचा कप खाली ठेवलासुद्धा नाही त्यांनी. म्हणाल्या, रिकाम्याचा संवेग दुप्पट, आणि वजन मात्र कमी. चार गुणिले याचा वेग हा सहा गुणिले त्याच्या वेगाच्या दुप्पट. म्हणजे रिकामा तिप्पट वेगाने आला. मशीन जास्तीत जास्त किती जातं? मी म्हटलं, अठरा. मग दुसरा सहाच्या वर असणं शक्यच नाही, त्या म्हणाल्या. सहा म्हणजे माणूस जरा झपझप चालतो तेवढं. कागद परत देताना म्हणाल्या, हा रिकाम्या मशीनवाला धडधडीत खोटं बोललाय. त्याला कुणी काही विचारलं नाही का रे?

मी म्हटलं, विचारलं होतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दुमडलेल्या भागाकडे बघितलं. उलगडला नाही. चहा संपवला आणि म्हणाल्या, कधी पाहिजे तर सही-शिक्क्यानिशी लिहून देईन.

त्यानंतर पंधरा दिवस मी त्या आकड्यांशी भांडलो ताई. फरशा दोन टन नसतील, दीडच असतील, असं धरलं. तरी ते सातच्या आतच. फोरमनने एक चौकट चुकीची मोजली असेल असं धरलं. तरी नऊच्या पुढे जाईनात. मग उलटं केलं. भावोजी खरंच सुसाट होते, पूर्ण अठराने होते असं धरलं. तर मला चोपन्न लागतात. चोपन्न! ते मशीन डोंगरावरून ढकललं तरी चोपन्नने जाणार नाही. आणि मी चौकशीत सांगितलं होतं तसा दहाने असेन, तर भावोजी सव्वातीन-साडेतीनने होते, म्हणजे रांगणारं मूलही त्यांच्या पुढे गेलं असतं. कसंही फिरवलं तरी तो माणूस हळूच निघतो. जिवंतपणीही तसाच होता, कागदावरही तसाच.

तू म्हणशील, तू स्वतः मशीनवर होतास, तुला आकडे कशाला लागले? खरंय. पण माणूस एकच गोष्ट सारखी सांगत राहिला की त्याला तीच दिसायला लागते. मी फोरमनला सांगितलं, पोलिसांना सांगितलं, तुला सांगितलं, तुझ्या सासूबाईंना सांगितलं. दहाव्यांदा सांगताना मला खरंच भावोजी भरधाव येताना दिसायला लागले होते. आकड्यांनी ते चित्र पुसलं, आणि खालचं वर आलं. ते आता लिहितो, एका दमात लिहितो, नाहीतर लिहिणार नाही.

त्या दुपारी ट्रक भरून झाला होता आणि मी रिकामा परत येत होतो. जमीन नुकतीच धुतलेली. कुणाशी पैज नव्हती, कसली निकड नव्हती. नुसतं अंगात होतं म्हणून पायाखालचं पॅडल पूर्ण दाबलं होतं. चौकाच्या अलीकडे मला उजवीकडून हॉर्न ऐकू आला, थोडं थांबून दोनदा. गोदामात तसा हॉर्न फक्त भावोजी द्यायचे. मला कळलं की ते आहेत. आणि मी ब्रेकवर पाय ठेवला नाही ताई, कारण मला कळलं की ते आहेत. मनात म्हटलं, कासव आहे, पेट्यांआडून मान काढेपर्यंत मी पार झालेला असेन. दुसरा कुणी असता तर थांबलो असतो. ते हळू येतात याच्यावर भरवसा ठेवून मी घुसलो, आणि तासाभराने फोरमनसमोर म्हणालो की ते सुसाट आले. खांबापाशी ते अजून शुद्धीत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, मेव्हणे, तुम्हाला लागलं का? मी नाही म्हटलं. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. हे मी तुला कधीच सांगितलं नव्हतं. तू विचारलं होतंस की शेवटचं काही बोलले का, तेव्हा मी म्हटलं होतं, वेळच मिळाला नाही.

काल बाईंनी हिशोब लिहून सही-शिक्का मारून दिला. या वेळी मी कागद पूर्ण उलगडून ठेवला होता. त्यांनी दोन्ही नावं वाचली, माझं आडनाव त्यांना माहीत आहेच. मग आकडे पुन्हा एकदा तपासले. त्याला माझा जबाब जोडून, मी अठराने होतो, हॉर्न ऐकला होता, आधी खोटं सांगितलं होतं, असं सगळं लिहून आज सकाळी गोदामाच्या ऑफिसला आणि पोलीस ठाण्याला रजिस्टर टपालाने पाठवलं. यार्डाच्या मालकांना सांगून टाकलंय. पुढच्या आठवड्यात मी येतोय. घरी येणार नाही, सरळ ठाण्यात जाईन. पुढे काय करतील ते करतील. मला भीती वाटत नाही असं नाही. हे लिहितानाही जिन्यावर कुणाचे पाय वाजले की हात थांबतो.

पण ते तर तुला ठाण्यातून कळलंच असतं, त्यासाठी हे पत्र नाही. तुला बोलावतील ताई, म्हणून लिहितोय. मागच्या चौकशीच्या वेळी मी दाराबाहेर उभा होतो, हे तुला माहीत नाही. तेराव्या दिवसानंतरची गोष्ट. ठाण्यातल्या साहेबांना माझ्या सांगण्यात काहीतरी खटकलं होतं. त्यांनी तुला विचारलं, बाई, तुमचे मिस्टर आजवर कधी वेगाने चालवत नव्हते म्हणता, मग तुमचा भाऊ म्हणतो ते तुम्हाला पटतं का? तू म्हणालीस, आईच्या माघारी मी वाढवलाय त्याला, तो माझ्याशी खोटं बोलायचा नाही. साहेबांनी वही मिटल्याचा आवाज मी ऐकला. तुझ्या नवऱ्यापेक्षा तू मला खरं मानलंस, आणि मी दाराबाहेर उभा राहून सुटकेचा श्वास सोडला. आता पुन्हा तुला तिथे बसवतील. तुझा स्वभाव मला माहीत आहे. रागाने माझं तोंड बघणार नाहीस, पण परक्यांसमोर म्हणशील की पोरगं घाबरलेलं होतं, वय कोवळं होतं, त्याला सांभाळून घ्या. म्हणू नकोस. माझ्याबद्दल एक शब्द बोलू नकोस. टिल्लूला बरोबर ने, त्याला तुझ्या शेजारी बसव, आणि साहेबांनी विचारलं की त्याला ऐकू जाईल अशा आवाजात एवढंच सांग, की माझा नवरा हळू चालवायचा. बाकीचं मी बोलेन.

तुझाच, अजून तसं म्हणता येत असेल तर,
धाकटा